पोटातल्या बाळाच्या अवयवांना आकार नेमका कोण देतं?

नदीकाठ:
नमस्कार मंडळी. बहिणीला पाचवा महिना लागलाय, मागच्या आठवड्यात तिच्यासोबत अ‍ॅनोमली स्कॅनला गेले होते. डॉक्टरबाई स्क्रीनवर एकेक दाखवत होत्या, हे हृदयाचे चार कप्पे, हा मणका, ह्या दोन किडन्या, ते काळं दिसतंय ते जठर, आणि मी नुसती बघतच राहिले. एवढुसा जीव आणि सगळं जागच्या जागी.

घरी आल्यापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. शाळेत आपण शिकलो की पेशींच्या ऊती होतात, ऊतींचे अवयव होतात, पण मधलं कोणी सांगितलंच नाही, म्हणजे पेशींच्या गोळ्यातून नळी कशी होते, त्या नळीला वेटोळी कशी पडतात, बोटं पाचच आणि सुटी सुटी कशी होतात. प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो आणि जीन म्हणजे प्रोटीन बनवायची कृती असं वाचलंय, मग "आतड्या, इथे डावीकडे वळ" हे कुठे लिहिलेलं असतं? आणि एका पेशीला कसं कळतं की आपण आतड्याच्या कितव्या वळणावर आहोत? नेटवर शोधलं तर एकतर परीक्षेच्या नोट्स येतात नाहीतर डोक्यावरून जाणारे पेपर. जाणकारांनी प्लीज समजावून सांगा, कितीही लांब लिहिलंत तरी वाचेन.

झू_मॅडम:
@नदीकाठ, प्रश्न फार मोलाचा आहे आणि उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, ती वळणं कुठेच लिहिलेली नसतात. मी कॉलेजात झूलॉजी शिकवते आणि दरवर्षी हे वाक्य ऐकून वर्गात कोणीतरी म्हणतंच की मॅडम असं कसं.

तुमचं आतडंच घेऊ, कारण त्याच्यावर सुंदर काम झालंय. सुरुवातीला गर्भात आतडं म्हणजे एक साधी सरळ नळी असते. ही नळी मोकळी लोंबकळत नसते, तिच्या संपूर्ण लांबीभर एक पातळ पडदा असतो, मेसेन्टरी म्हणतात त्याला, आणि तो तिला पाठीकडच्या भिंतीला धरून ठेवतो. आता होतं काय की नळी भराभर वाढते आणि पडदा तेवढा वाढत नाही. परकराला झालर लावताना लांब पट्टी आखूड कापडाला जोडली की चुण्या पडणारच, शिवणारीने प्रत्येक चुणी वेगळी आखायची गरज नसते, तसंच हे. नळी पडद्याला ताणते, पडदा नळीला दाबतो, आणि जादाची लांबी वळणांत जिरते.

हे नुसतं म्हणणं नाहीये. 2011 साली हार्वर्डमधल्या क्लिफ टॅबिन आणि एल. महादेवन यांच्या गटांनी कोंबडीच्या गर्भातलं वळणं पडलेलं आतडं बाहेर काढून त्याच्यापासून पडदा अलगद कापून वेगळा केला. नळी उलगडून सरळ झाली आणि पडदा आक्रसला. म्हणजे दोघंही इतका वेळ एकमेकांच्या ताणाखाली होते. मग त्यांनी एक रबराची नळी घेतली, लेटेक्सचा पातळ पापुद्रा ताणून धरला, त्याला नळी शिवली आणि पापुद्रा सोडून दिला. त्या नळीला हुबेहूब आतड्यासारखी वळणं पडली! ना पेशी, ना जीन, ना डीएनए. मी तो फोटो वर्गात दाखवते तेव्हा मागच्या बाकावरचे पण मान वर करतात.

तेव्हा पेशीला आपण कितव्या वळणावर आहोत हे माहीत असायची गरजच नाही. तिला एवढंच ठरवायचंय की किती वेगाने विभागायचं, शेजारणीला किती घट्ट धरायचं, आणि आपण आखडायचं का पसरायचं. जीन ठरवतात ते हे. आकार पुढे त्या ओढाताणीतून होतो.

आतड्याच्या आत जे बारीक बोटांसारखे उंचवटे असतात, अन्न शोषणारे, विलाय, त्यांचंही असंच. कोंबडीच्या गर्भात आधी आतड्याभोवती गोल स्नायूचा थर तयार होतो, तो नळीला बाहेर फुगू देत नाही, मग आतलं अस्तर जागा नाही म्हणून लांबलांब घड्या घालतं. त्यानंतर लांबीच्या दिशेचा स्नायू येतो, त्या घड्या आता दुसऱ्या बाजूनेही दाबल्या जातात आणि नागमोडी होतात. मग आतल्या बाजूला आणखी एक स्नायूचा थर येतो आणि नागमोडी घड्यांचे सुटे सुटे उंचवटे होतात. 2013 साली हे प्रसिद्ध झालं. त्यात याच टॅबिन-महादेवन गटांनी स्नायू काढून टाकून आतडं रेशमाच्या बारीक नळीत ठेवून पाहिलं, तरी घड्या पडल्या, कारण अस्तराला कोणीतरी बाहेरून आवळून धरण्याशी मतलब, मग तो स्नायू असो की रेशीम.

मटणवाले_पाटील:
मॅडम तुम्ही लिहिलंय ते आम्ही रोज बघतोय बघा, फक्त कारण आज कळलं. आमचं मटणाचं दुकान आहे, वडिलांपासून. बकरं उघडलं की बारकं आतडं सगळं त्या पडद्याला धरून असतंय, पडदा पंख्यासारखा पसरट आणि त्याच्या कडेला आतडं चुण्याचुण्या होऊन बसलेलं. पडद्यात चरबीच्या रेघा आणि शिरा दिसतात, उजेडाला धरला तर आरपार दिसतंय. वजडी साफ करताना आतड्याच्या कडेकडेने सुरी फिरवत गेलं की पडदा सुटतो आणि आतडं सरळ होत जातं, ओढायला पण लागत नाही. आणि पडदा हातात गोळा होऊन बसतो, मगाशी एवढा मोठा होता तो गेला कुठं असं वाटतंय.

एक विचारायचं होतं. मोठ्या आतड्याचा एक भाग बकऱ्यात एकदम गोल वेटोळं घालून असतो, बाहेरनं आत फिरत जातो आणि मधी गेला की उलटा फिरून परत बाहेर येतो. कोंबडीत तसलं काय नसतंय. मग दोघांत पडदा तोच आणि नळी तीच तर हे वेगळं का?

झू_मॅडम:
@मटणवाले_पाटील, तुमचं निरीक्षण एवढं नेमकं आहे की पुढच्या बॅचला हेच वाचून दाखवणार. ते वेटोळं रवंथ करणाऱ्या प्राण्यांची खासियत, गाईम्हशींतही असतं. प्राण्याप्राण्यांत नळीची जाडी, तिचा कडकपणा, पडद्याची जाडी आणि दोघांच्या वाढीतलं अंतर बदलतं, तशी वळणं बदलतात. त्याच 2011 च्या कामात कोंबडी, लाव्हा, झेब्रा फिंच नावाची छोटी चिमणी आणि उंदीर अशा चौघांची मापं घेतली होती आणि एकाच गणिताने चौघांच्या छोट्या आतड्याच्या वळणांचा हिशोब लागला. बकऱ्याच्या मोठ्या आतड्याचं वेटोळं मात्र नुसत्या चुण्यांच्या हिशोबात बसत नाही, तिथे नळी एका ठराविक दिशेने फिरत जाते.

यंत्रवेडा:
मेकॅनिकलवाला आहे, बायोलॉजी दहावीनंतर सोडली, पण वर जे गणित म्हटलंय ते आमच्या रोजच्या विषयातलं आहे म्हणून राहवत नाही. याला आमच्यात बकलिंग म्हणतात. एखाद्या लांब सळईला दोन्ही टोकांनी दाबत गेलं की एका मर्यादेपर्यंत ती सरळ राहते आणि मग एकदम वाकते, कारण सरळ राहून दबण्यापेक्षा वाकणं तिला स्वस्त पडतं. गणितज्ञ ऑयलरने 18व्या शतकातच याचं गणित मांडलंय. सळईला बाजूने काहीतरी लवचिक धरून ठेवत असेल तर ती एका मोठ्या कमानीत न वाकता बऱ्याच छोट्या छोट्या लाटांमध्ये वाकते. आतड्याचं तेच आहे. एका वळणाची लांबी काढायची तर नळीचा वाकण्याला विरोध भागिले पडद्याचा ताणाला विरोध, आणि त्याचं घनमूळ, त्या प्रमाणात येते. म्हणजे नळी जाड आणि कडक तर वळणं मोठी आणि थोडी, पडदा जाड तर वळणं बारीक आणि भरपूर. पाटीलसाहेब, दुकानात जाड आतड्याचं आणि पातळ आतड्याचं जनावर शेजारीशेजारी आलं तर बघा जरा.

मेंदूच्या घड्यांचं पण असंच आहे हे कोणीतरी सांगायला हवं म्हणून मीच सांगतो. बाळाचा मेंदू गर्भावस्थेच्या मध्यापर्यंत बराचसा गुळगुळीत असतो आणि मग वरचा थर आतल्या भागापेक्षा जास्त पसरायला लागतो. 2016 साली काही लोकांनी 22 आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूचा एमआरआय घेऊन त्या आकाराचं जेल बनवलं, त्याच्यावर दुसऱ्या जेलचा पातळ थर दिला आणि ते एका द्रवात बुडवलं. बाहेरचा थर द्रव पिऊन फुगला आणि काही मिनिटांत त्याला घड्या पडत गेल्या, आणि मोठ्या घड्यांच्या जागा आणि दिशा खऱ्या मेंदूशी बऱ्याच जुळल्या. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि ही कल्पना नवी पण नाही हं. विल्हेल्म हिस नावाचे शरीररचनाशास्त्रज्ञ 1870च्या दशकात रबराच्या नळ्या वाकवून दाखवत होते की गर्भाच्या घड्या अशा दाबाने पडत असणार. जीवशास्त्रज्ञ हेकेलसारख्या मोठ्या नावाने त्यांची टर उडवली आणि हा विचार बराच काळ मागे पडला. मला तरी वाटतं हिस यांना त्यांचं श्रेय अजून पुरेसं मिळालेलं नाही.

डॉ_बालसर्जन:
चांगली चर्चा. मी लहान मुलांच्या सर्जरीत आहे, हाच आकार बिघडला की मुलं आमच्याकडे येतात, म्हणून दोन गोष्टी लिहितो ज्या प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात.

माणसाच्या गर्भात साधारण सहाव्या आठवड्यात आतडं इतकं वाढतं आणि लिव्हरने पोटात इतकी जागा घेतलेली असते की आतडं पोटात मावत नाही, ते चक्क नाळेत शिरतं. हे नॉर्मल आहे. तिथे ते वाढतं, फिरतं आणि दहाव्या आठवड्याच्या आसपास परत पोटात येतं. (सोनोग्राफीचे आठवडे पाळीच्या तारखेपासून मोजतात, तिथे दोन आठवडे जास्त धरा.) या सगळ्यात आतडं त्याच्या मुख्य रक्तवाहिनीभोवती एकूण 270 अंश फिरतं, समोरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने. हे फिरणं अर्धवट राहिलं तर पडद्याची पाठीला चिकटलेली बाजू जी लांब पसरायला हवी ती अरुंद राहते आणि सगळं आतडं त्या अरुंद देठावर पीळ खाऊ शकतं. पीळ पडला की रक्तपुरवठा बंद. म्हणून तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर घरगुती काही करत बसू नका, सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी जिथे मुलांचे सर्जन आहेत अशा ठिकाणी न्या. दुधाची उलटी वेगळी, हिरवी वेगळी. काही तासांत आतडं वाचतं किंवा जातं.

दुसरी गोष्ट मणक्याची. मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला पेशींचा सपाट पट्टा असतो. त्या पट्ट्यातल्या ठराविक जागच्या पेशी आपलं वरचं टोक आखडून घेतात, पेशीच्या त्या टोकाला अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचे धागे असतात, म्हणजे स्नायूत असतात त्याच जातीची प्रोटीनं, ती आवळली की उभट पेशी पाचरीच्या आकाराची होते. अशा शेकडो पेशी रांगेत पाचरी झाल्या की पट्टा दुमडतो, दोन्ही काठ वर येतात, एकमेकांना भेटतात आणि नळी बंद होते. ही नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28व्या दिवसापर्यंत बंद झालेली असते. जरा हिशोब करा, पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोवर हे काम संपलेलं असतं. कित्येकींना तोपर्यंत दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. नळीचं डोक्याकडचं टोक उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदूच नीट होत नाही, खालचं राहिलं तर स्पायना बिफिडा, म्हणजे मणका मागून नीट बंद होत नाही.

म्हणूनच फॉलिक अ‍ॅसिड मूल हवं असं ठरवलं तेव्हापासून सुरू करायचं असतं, त्यासाठी गर्भ राहायची वाट बघायची नसते. सर्वसाधारण डोस रोजचे 400 मायक्रोग्रॅम. ज्यांच्या आधीच्या बाळाला असा दोष होता त्यांना बराच मोठा डोस लागतो, तो डॉक्टरच ठरवतील. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची 1991 सालची चाचणी अशाच जोखमीच्या बायकांवर होती आणि त्यात फॉलिक अ‍ॅसिडने हे दोष 72 टक्क्यांनी कमी झाले. इतकी स्वस्त गोळी आणि इतका फायदा, तरी माझ्याकडे येणाऱ्या आयांपैकी बऱ्याच जणींना ही गोष्ट कोणी वेळेत सांगितलेली नसते. याचं मला मनापासून वाईट वाटतं. या धाग्यावर जे कोणी वाचताय, घरात कोणाचं लग्न ठरलं असेल, कोणी मुलाचा विचार करत असेल, तर आजच सांगा.

गर्भरेषा:
डॉक्टरांच्या प्रतिसादाला +1, तो वर पिन करून ठेवायला हवा.

पण एका गोष्टीवर माझं थोडं वेगळं मत आहे. वरचं वाचून असं वाटेल की सगळं दाब आणि ताणानेच होतं आणि जीन नुसतं सामान पुरवतात. तसं नाहीये. मी याच क्षेत्रात पीएचडी केलीय आणि मला दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

बोटं बघा. हात सुरुवातीला वल्ह्यासारखा चपटा असतो, त्यात बोटांच्या पाच रेषा उमटतात, आणि मग मधल्या भागातल्या पेशी ठरवून मरतात. हो, मरतात. त्या मेल्या की बोटं सुटी होतात, नाही मेल्या तर बोटं जुळलेली राहतात. आता बदक आणि कोंबडी घ्या. दोघांच्या पायात बोटांच्या मधे बीएमपी नावाचा सिग्नल असतो जो पेशींना मरायला सांगतो. बदकात त्याच जागी ग्रेमलिन नावाचं प्रोटीन तयार होतं जे बीएमपीला अडवतं, म्हणून पडदा शिल्लक राहतो आणि बदक पोहतं. 1999 साली कोंबडीच्या गर्भाच्या पायात बोटांच्या मधे हे ग्रेमलिन घालून पाहिलं, तर कोंबडीच्या बोटांतही पडदा राहिला. इथे बकलिंग वगैरे काही नाही, कुठे कोणी मरायचं हा सरळ रासायनिक निरोप आहे.

आणि आतड्यालाही सगळी वळणं पडायच्या आधी एक पहिलं वळण लागतंच, ते डावीकडेच का? तर आतड्याला धरणाऱ्या त्या पडद्याच्या, मेसेन्टरीच्या, डाव्या बाजूच्या पेशी दाटीवाटीने बसतात, उजवीकडच्या विरळ होतात, त्यामुळे नळी डावीकडे कलते. डावीकडे दाटी का, तर तिथे पिट्क्स2 नावाचा जीन चालू असतो, उजवीकडे नसतो. हा जीन डावीकडेच का चालू होतो त्याचं उत्तर तर कमाल आहे. उंदराच्या अगदी लहान गर्भात एक छोटा खळगा असतो, त्यातल्या पेशींना बारीक केसांसारखे तंतू असतात, सिलिया, ते एकाच दिशेने गरागरा फिरतात आणि त्या खळग्यातला द्रव डावीकडे वाहत राहतो. जपानमधल्या हिरोकावांच्या गटाने 1998 साली दाखवलं की हे तंतूच नसले तर उंदरांचं हृदय डावीकडे की उजवीकडे हे निव्वळ योगायोगावर जातं. पुढे 2002 साली जपानमध्येच कृत्रिम प्रवाह उलट्या दिशेने सोडून गर्भाची डावी-उजवी बाजूच उलटी करून दाखवली. माणसांतही साधारण 10 हजारांत एकाचं सगळंच उलट असतं, हृदय उजवीकडे, अपेंडिक्स डावीकडे, आणि त्यातल्या काहींना सतत सर्दी-खोकला-सायनसचा त्रास असतो कारण तेच तंतू नाकात आणि श्वासनलिकेतही असतात आणि तिथेही चालत नाहीत.

गंमत म्हणजे कोंबडीत हा प्रवाह नसतोच, तिथे खळग्याभोवतीच्या पेशी स्वतःच डावीकडे सरकतात. म्हणजे इथेही शेवटी हालचालच. सिग्नल हालचाल घडवतो, हालचालीमुळे पुढचा सिग्नल बदलतो, असं एकमेकांत गुंतलेलं आहे. 2017 साली टॅबिन-महादेवन मंडळींनी हेही दाखवलं की कोंबडीत बीएमपीचं प्रमाण बदललं की नळी आणि पडद्याच्या वाढीतलं अंतर बदलतं आणि वळणांची संख्याही बदलते. तेच बीएमपी, बोटांत वेगळं काम, आतड्यात वेगळं. म्हणून एकालाच श्रेय देऊ नये असं मला वाटतं.

झू_मॅडम:
@गर्भरेषा, अगदी मान्य. बीएमपीचं आतड्यातलं काम मी लिहायला हवं होतंच, तुम्ही पूर्ण केलंत.

बाकीच्यांसाठी, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर जवळच्या सायन्स कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमध्ये विनंती करून बघा. 24 तास, 33 तास, 48 तास, 72 तास अशा कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड बहुतेक ठिकाणी असतातच. 33 तासांच्या स्लाइडमध्ये हृदय म्हणजे एक नळी जी उजव्या बाजूला किंचित फुगायला लागलीय. 48 तासांच्या स्लाइडमध्ये तीच नळी वळसा घालून बसलेली दिसते. आणि स्लाइडपेक्षा जिवंत बघायला मिळालं तर सोडू नका, तीन दिवस उबवलेल्या अंड्याच्या कवचाला वरून छोटी खिडकी पाडली की पिवळ्यावर रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं आणि मधोमध लाल ठिपका उडत असतो. अजून धड आकार नाही, कप्पे नाहीत, तरी तो धडधडतोय.

नदीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, तीनदा वाचलं. फॉलिक अ‍ॅसिडचं दोन मैत्रिणींना लगेच कळवलं. पाटीलसाहेब, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला, तिला पण आवडला.

आता एकच उरलं. आकार समजला, पण थांबायचं कधी हे कसं कळतं? लिव्हर लिव्हरएवढंच का होतं?

झू_मॅडम:
@नदीकाठ, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. 1931 साली ट्विटी आणि श्विंड यांनी सॅलॅमँडरच्या एका मोठ्या आणि एका छोट्या जातीच्या पिल्लांचे पाय एकमेकांना बसवले, तर मोठ्या जातीचा पाय छोट्याच्या अंगावरही मोठाच झाला. म्हणजे मापाचा हिशोब काही प्रमाणात अवयवाच्या आतच असतो. पण सगळे अवयव सारखे वागत नाहीत. उंदराच्या गर्भात स्वादुपिंडाच्या सुरुवातीच्या पेशी कमी केल्या तर स्वादुपिंड पुढे लहानच राहतं, लिव्हरच्या कमी केल्या तर लिव्हर ती तूट भरून काढतं.

वाढ थांबवण्यात हिप्पो नावाच्या सिग्नलच्या साखळीचा हात असतो, ती पेशींना आता पुरे म्हणून सांगते. ती आधी फळमाशीत सापडली, मग आपल्यातही. 2007 मध्ये उंदराच्या लिव्हरमध्ये या साखळीच्या टोकाचं, ती ज्याला अडवते ते याप नावाचं प्रोटीन जादा चालू ठेवलं तर लिव्हर नेहमीच्या कितीतरी पट वाढलं, आणि ते बंद केल्यावर परत मूळ मापावर आलं. आणि याप चालू राहायचं की नाही यात पेशीवर किती ताण आहे, ती किती पसरलीय किंवा दाटीत आहे याचाही हात असतो, म्हणजे @यंत्रवेडा यांचा विषय इथेही आहेच. याच्यावर वेगळा धागा काढा, मी आणि गर्भरेषा दोघी येतो.